‘ब्वेनो’ कुठे बसला आहे ते आधी पाहा

स्पॅनिशच्या वर्गात पहिल्या काही दिवसांतच ‘ब्वेनो’ हे विशेषण भेटतं. वहीत त्यासमोर ‘चांगला’ असं लिहून आपण पुढच्या शब्दाकडे वळतो. पुढे लक्षात येतं की हा शब्द त्या एका अर्थात मावत नाही. मेक्सिकोत फोन उचलणारी व्यक्ती ‘ब्वेनो?’ म्हणते, तेव्हा ती कशाचीही स्तुती करत नसते. गप्पा आटोपून उठणारा माणूस ‘ब्वेनो...’ म्हणत निरोपाची तयारी करतो. कुणाच्या घरी सूप चाखून ‘एस्ता ब्वेना’ म्हणालात तर कौतुक पोचतं. तेच दोन शब्द शेजारी बसलेल्या बाईंबद्दल म्हणालात तर सगळे तुमच्याकडे वळून बघतात.

या शब्दाचा अर्थ बराचसा त्याच्या जागेवरून ठरतो. तो नामाच्या आधी आहे की नंतर? त्याच्याबरोबर ‘सेर’ हे क्रियापद आलंय की ‘एस्तार’? की तो वाक्यात एकटाच उभा आहे? एवढं तपासायची सवय लागली की शब्दकोशातले डझनभर अर्थ वेगळे पाठ करावे लागत नाहीत. मराठी माणसाला तर यात बरीच आघाडी आहे, कारण ‘चांगला’ आणि ‘बरं’ हे आपले दोन शब्द मिळून जवळजवळ हेच काम करतात. जिथे आपली मराठी वाट चुकवते अशा जागा दोन-तीनच आहेत. त्यांच्यापाशी आपण थोडं जास्त थांबू.

उच्चार

इथे स्पॅनिश शब्द नागरीत, लॅटिन अमेरिकेतल्या उच्चाराप्रमाणे लिहिले आहेत. ‘ब्वेनो’ दोनच अक्षरांचा आहे: ‘ब्वे’ आणि ‘नो’. ‘बु-ए-नो’ असे तीन तुकडे करू नका. आघात ‘ब्वे’वर पडतो. वाक्याच्या सुरुवातीला ‘ब’ स्पष्ट येतो. दोन स्वरांच्या मध्ये आला की ओठ पुरते मिटत नाहीत आणि तो ‘ब’ आणि ‘व’च्या मधला होतो. ‘मुय ब्वेनो’, म्हणजे ‘खूप चांगला’, सलग म्हणून पाहिलंत की फरक जाणवेल.

‘ब्वेनास तार्देस’मधले ‘त’ आणि ‘द’ आपल्या ‘तार’ आणि ‘दार’मधले आहेत. इंग्रजीच्या सवयीनं त्यांचे ‘ट’ आणि ‘ड’ करू नका. ‘नोचे’ (रात्र) या शब्दातला ‘च’ आपल्या ‘चांगला’मधला आहे, ‘चमचा’मधला नाही. हा फरक मराठी जिभेला आधीच येतो, शिकावा लागत नाही.

चार रूपं आणि एक आखूड

‘ब्वेनो’ नामाच्या लिंगवचनाप्रमाणे बदलतो. पुल्लिंगी एकवचनी ‘ब्वेनो’, स्त्रीलिंगी एकवचनी ‘ब्वेना’, पुल्लिंगी अनेकवचनी ‘ब्वेनोस’ आणि स्त्रीलिंगी अनेकवचनी ‘ब्वेनास’. चांगला मुलगा, चांगली मुलगी, चांगले मुलगे, चांगल्या मुली असं बोलणाऱ्याला यात नवं काही नाही. उलट सूटच आहे. ‘चांगल्या मुलाला’, ‘चांगल्या मुलानं’ असं आपलं विशेषण सामान्यरूपात जातं, तसं स्पॅनिशमध्ये होत नाही. नामांसाठी नपुंसकलिंगही नाही.

लिंग मात्र मराठीवरून ठरवायला जाऊ नका. आपलं ‘पुस्तक’ नपुंसकलिंगी, तिथलं ‘लिब्रो’ पुल्लिंगी. आपलं ‘घर’ नपुंसकलिंगी, तिथलं ‘कासा’ स्त्रीलिंगी. आपला ‘हात’ पुल्लिंगी, तिथला ‘मानो’ शेवटी ‘ओ’ असूनही स्त्रीलिंगी. उलट ‘दीआ’ (दिवस) आणि ‘प्रोब्लेमा’ (अडचण) शेवटी ‘आ’ असूनही पुल्लिंगी. म्हणून नवं नाम पाठ करताना ते ‘ब्वेनो’ किंवा ‘ब्वेना’ जोडूनच म्हणा. विशेषण आणि लिंग दोन्ही एका दमात पक्की होतात.

स्त्रीपुरुषांच्या एकत्र गटाला आपण नपुंसकलिंगी अनेकवचन वापरतो: ‘आई-बाबा चांगली आहेत’. स्पॅनिशमध्ये अशा वेळी पुल्लिंगी ‘ब्वेनोस’ येतं. ‘खेन्ते’ म्हणजे लोक, पण तो शब्द स्त्रीलिंगी आणि एकवचनी आहे. त्यामुळे ‘लोक चांगले आहेत’चं स्पॅनिश ‘ला खेन्ते एस ब्वेना’ असं होतं. आपल्या मनातलं अनेकवचन इथे हमखास घुसतं, ते आवरा.

सरावासाठी नकाशा उघडा. अर्जेंटिनाच्या राजधानीच्या नावात ‘ब्वेनोस’ आहे, कारण ‘आइरेस’ म्हणजे वारे, आणि तो शब्द पुल्लिंगी अनेकवचनी आहे. पेद्रो दे मेन्दोसानं 1536 मध्ये तिथे वसाहत केली तेव्हा खलाशांना अनुकूल वारा देणाऱ्या मेरीमातेचं नाव तिला दिलं. कोलंबियाचं पॅसिफिक किनाऱ्यावरचं बंदर ‘ब्वेनाबेन्तुरा’, म्हणजे सद्भाग्य; नाम स्त्रीलिंगी, म्हणून ‘ब्वेना’. अमेरिकेतलं सॅन फ्रान्सिस्को 1847 पर्यंत ‘येर्बा ब्वेना’ होतं. ‘येर्बा’ म्हणजे वनस्पती, आणि दोन्ही शब्द जोडले की पुदिन्याच्या जातीची वनस्पती.

आपल्याजवळचंही उदाहरण आहे. स्पॅनिश ‘ब्वेनो’ आणि पोर्तुगीज ‘बॉम’ हे दोघं लॅटिनमधल्या ‘बोनुस’चे वंशज, दिवाळीचा आपला ‘बोनस’ही इंग्रजीमार्गे तिथूनच आला. जुन्या गोव्यातल्या बॅसिलिकेचं नाव ‘बॉम जीझस’ आहे, कारण येशू पुल्लिंगी. ‘बॉम्बे’ हे नाव पोर्तुगीज ‘बॉम बाइया’ म्हणजे ‘चांगला उपसागर’ यावरून आलं असं आपण ऐकत आलो आहोत. पण ‘बाइया’ स्त्रीलिंगी आहे. पोर्तुगीज माणूस ‘बोआ बाइया’ म्हणेल. त्या व्युत्पत्तीवरचा हा एक नेहमीचा आक्षेप आहे, आणि लिंगाचा नियम आपल्या बाजूला केवढं काम करतो हे त्यातून समजतं.

आता आखूड रूप. पुल्लिंगी एकवचनी नामाच्या आधी आला की ‘ब्वेनो’चा शेवटचा ‘ओ’ गळतो: ‘उन ब्वेन आमिगो’ (चांगला मित्र), ‘उन ब्वेन लिब्रो’ (चांगलं पुस्तक). स्त्रीलिंगात आणि अनेकवचनात काही गळत नाही: ‘उना ब्वेना इदेआ’ (चांगली कल्पना), ‘ब्वेनोस आमिगोस’. ‘मालो’ (वाईट) हाच नियम पाळून ‘माल’ होतो. ‘ग्रान्दे’ (मोठा) मात्र दोन्ही लिंगांत ‘ग्रान’ होतो, त्याला या रांगेत बसवू नका. ‘ब्वेनो आमिगो’ कानाला खटकू लागलं की समजा, नियम अंगवळणी पडला.

एका म्हणीत दोन्ही रूपं एकदम सापडतात: ‘एल के आ ब्वेन आर्बोल से आरिमा, ब्वेना सोम्ब्रा ले कोबिखा’. चांगल्या झाडाचा आसरा घेणाऱ्याला चांगली सावली मिळते. ‘आर्बोल’ (झाड) पुल्लिंगी, म्हणून ‘ब्वेन’. ‘सोम्ब्रा’ (सावली) स्त्रीलिंगी, म्हणून ‘ब्वेना’. ही एक म्हण पाठ केलीत तर नियम वेगळा घोकायला नको.

नामाच्या आधी की नंतर?

मराठीत विशेषण नामाच्या आधीच येतं. स्पॅनिशमध्ये ते सहसा नंतर येतं. ‘ब्वेनो’ दोन्हीकडे बसतो आणि जागेप्रमाणे अर्थाची छटा बदलते.

‘उन ओम्ब्रे ब्वेनो’ म्हणजे सज्जन, मनानं चांगला माणूस. इथे चांगुलपणा ठासून सांगितला जातो. ‘उन ब्वेन ओम्ब्रे’ म्हणजे भला माणूस; कधीकधी त्यात ‘साधाभोळा आहे बिचारा’ असाही सूर असतो. व्यवसायाच्या नावाआधी आला की कौशल्य मोजलं जातं: ‘उन ब्वेन मेदिको’ म्हणजे ज्याच्या हाताला गुण आहे असा डॉक्टर. तो स्वभावानं तिरसट असला तरी चालेल. ‘उन मेदिको ब्वेनो’ म्हटलं तर निवड केल्यासारखं वाटतं: डॉक्टर बरेच असतील, पण चांगला पाहिजे; किंवा मग डॉक्टर म्हणून नव्हे, माणूस म्हणून चांगला. ही रेघ काटेकोर नाही, पण नवशिक्यानं व्यवसायाच्या नावाआधी ‘ब्वेन’ किंवा ‘ब्वेना’ ठेवलं तर चूक होत नाही.

टोपणनावात विशेषण उपपदासह नंतर येतं. 1294 मध्ये तारिफा शहर लढवणारा सरदार इतिहासात ‘गुस्मान एल ब्वेनो’ म्हणून ओळखला जातो. माद्रिदच्या मेट्रोत याच नावाचं स्थानक आहे, त्यामुळे शहरात फिरताना हे व्याकरण फलकावरच वाचायला मिळतं.

आधी बसणाऱ्या ‘ब्वेन’चा आणखी एक उपयोग मराठी वाचकाला लगेच पटेल. ‘उन ब्वेन रातो’ म्हणजे बराच वेळ. ‘सुस ब्वेनास दोस ओरास’ म्हणजे चांगले दोन तास. ‘उन ब्वेन सुस्तो’ म्हणजे चांगलाच दचका. ‘कार्यालयात चांगले दोन तास बसवून ठेवलं’ असं आपण म्हणतो तेव्हा ते तास चांगले गेले असं आपल्याला म्हणायचं नसतं. ‘बराच’ हा शब्दही ‘बरा’वरूनच आलाय. असं परिमाण दाखवायचं असेल तर ‘ब्वेन’ नामाआधीच हवा.

चिडून काढलेला उपरोधही जुळतो. कुणी घोळ घातला की स्पॅनिश माणूस म्हणतो, ‘ब्वेना ला आस एचो!’ आपण म्हणतो, ‘चांगलंच करून ठेवलंस!’

‘सेर’ की ‘एस्तार’?

आता सगळ्यात जपून चालायची जागा. स्पॅनिशमध्ये ‘असणे’साठी दोन क्रियापदं आहेत. ‘सेर’चं ‘एस’ हे रूप एखाद्या गोष्टीचा स्वभाव, प्रकार, गुण सांगतं. ‘एस्तार’चं ‘एस्ता’ हे रूप तिची आत्ताची अवस्था किंवा आपल्याला आलेला अनुभव सांगतं. ‘सेर कायमचं, एस्तार तात्पुरतं’ ही पाठ्यपुस्तकातली पट्टी ‘ब्वेनो’च्या बाबतीत फारशी उपयोगी पडत नाही.

मराठीत याहून चांगली पट्टी आहे. ‘सूप तब्येतीला चांगलं असतं’ असं म्हणायचं असेल तिथे ‘एस’ वापरा: ‘ला सोपा एस ब्वेना पारा ला सालुद’. ‘सूप छान झालंय’ किंवा ‘छान लागतंय’ असं म्हणायचं असेल तिथे ‘एस्ता’: ‘ला सोपा एस्ता ब्वेना’. ‘असतं’ म्हणावंसं वाटलं तर ‘सेर’, ‘झालंय’ किंवा ‘लागतंय’ म्हणावंसं वाटलं तर ‘एस्तार’. जेवणाच्या पदार्थांपुरती ही कसोटी क्वचितच फसते.

माणसांबद्दल बोलताना मात्र थांबून विचार करा. ‘एस ब्वेनो’, ‘एस ब्वेना’ म्हणजे स्वभावानं चांगला, चांगली. हे बेधडक म्हणा. ‘एस्ता ब्वेनो’, ‘एस्ता ब्वेना’ म्हणजे बहुतेक ठिकाणी शरीरानं आकर्षक, आणि त्या म्हणण्यात सलगी आणि थिल्लरपणा दोन्ही असतात. मैत्रिणीच्या आईचं कौतुक करायला गेलात आणि ‘एस’ऐवजी ‘एस्ता’ निघालं, तर सावरणं अवघड जाईल. काही प्रदेशांत ‘या एस्ता ब्वेनो’ म्हणजे ‘आता आजारातून बरा झालाय’ असंही होतं, आणि लॅटिन अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी हेच शब्द ‘पुरे झालं आता!’ या अर्थानंही ऐकू येतात. ऐकताना हे ओळखा. बोलताना सुरुवातीची काही वर्षं माणसांबाबत ‘एस्तार’सोबत ‘ब्वेनो’ टाळलेलाच बरा.

पदार्थाचं कौतुक करायला ‘एस्ता मुय रिको’ किंवा ‘रिका’ हा निर्धोक पर्याय आहे. ‘रिको’ म्हणजे श्रीमंत, आणि पदार्थाला लावला की चविष्ट.

‘सेर’ नंतरच्या ‘ब्वेनो’ला शब्दयोगी अव्यय लागतं, आणि तेही आपल्या विभक्तीशी जुळतं. ‘गणितात चांगला’ म्हणजे ‘ब्वेनो एन मातेमातिकास’. ‘एन’ म्हणजे आपला ‘-त’. ‘खोकल्याला चांगलं’ म्हणजे ‘ब्वेनो पारा ला तोस’; ‘पारा’ म्हणजे आपलं ‘-ला’ किंवा ‘-साठी’. ‘मुलांशी चांगला वागणारा’ म्हणजे ‘ब्वेनो कोन लोस निन्योस’. ‘कोन’ म्हणजे आपला ‘-शी’.

‘ब्वेनो’ आणि ‘ब्येन’

मराठी माणसाच्या सर्वाधिक चुका इथे होतात, आणि कारण सरळ आहे. ‘ती चांगली गायिका आहे’ आणि ‘ती चांगलं गाते’ या दोन्ही वाक्यांत आपण एकच शब्द वापरतो. स्पॅनिशमध्ये नामाचा गुण सांगणारा ‘ब्वेनो’ वेगळा आणि क्रियेची रीत सांगणारा ‘ब्येन’ वेगळा. ‘एस उना ब्वेना कान्तान्ते’ (चांगली गायिका आहे), पण ‘कान्ता ब्येन’ (चांगलं गाते). ‘ब्येन’ क्रियाविशेषण आहे. लिंगवचनानं तो बदलत नाही.

चाचणी अशी: मराठी वाक्यात ‘चांगला’ हा शब्द ‘कसा माणूस, कशी वस्तू’ याचं उत्तर देत असेल तर ‘ब्वेनो’, ‘कसं करतो’ याचं उत्तर देत असेल तर ‘ब्येन’. ‘ती स्पॅनिश छान बोलते’ याचं ‘आब्ला ब्येन एस्पान्योल’ होतं. ‘एस्पान्योल’ या नामालाच विशेषण लावलंत तर ‘आब्ला उन ब्वेन एस्पान्योल’ हेही बरोबर. ‘आब्ला ब्वेनो’ मात्र कुठेच चालत नाही.

तब्येत आणि हालहवाल यांचा कारभार ‘ब्येन’कडे आहे. ‘कसे आहात?’ असं विचारलं की उत्तर ‘ब्येन, ग्रासियास’. ‘बरं आहे, ठीक आहे’साठीही ‘एस्ता ब्येन’. आपलं ‘बरा’ विशेषण असल्यामुळे जीभ ‘ब्वेनो’कडे वळते, प्रश्न तब्येतीचा असेल तर तिला अडवा.

तुलना करताना

‘जास्त चांगला’साठी ‘मेखोर’ वापरतात. तो लिंगानं बदलत नाही, अनेकवचनात ‘मेखोरेस’ होतो. ‘मास ब्वेनो’ (अधिक चांगला) हे रूप वस्तूंच्या तुलनेत वापरू नका; ते उरलंय मनाच्या चांगुलपणासाठी. फार मायाळू माणसाबद्दल ‘मास ब्वेनो के एल पान’, म्हणजे ‘पावाहूनही चांगला’, असं म्हणतात.

‘अतिशय चांगला’साठी ‘ब्वेनीसिमो’ आणि ‘बोनीसिमो’ ही दोन्ही रूपं ग्राह्य आहेत. आज बोलण्यात पहिलं जास्त ऐकू येतं. दुसऱ्यात ‘ब्वे’चा ‘बो’ का झाला? लॅटिनमधला ऱ्हस्व ‘ओ’ आघाताखाली आला की स्पॅनिशमध्ये त्याचा ‘वे’ झाला, आघात नसला की ‘ओ’ राहिला. म्हणूनच ‘ब्वेनो’, पण ‘बोन्दाद’ (चांगुलपणा) आणि ‘बोनितो’ (सुंदर). हे तिन्ही एकाच कुळातले शब्द आहेत हे कळलं की एकाच्या आधारानं बाकीचे लक्षात राहतात.

दिवसाचे प्रहर आणि शुभेच्छा

अभिवादनं अनेकवचनात असतात: ‘ब्वेनोस दीआस’, ‘ब्वेनास तार्देस’, ‘ब्वेनास नोचेस’. इथे मराठी लिंग बिनधास्त वापरा: दिवस पुल्लिंगी, दुपार स्त्रीलिंगी, रात्र स्त्रीलिंगी, तिन्ही जुळतात. ‘ब्वेनास दीआस’ ही चूक मग होणार नाही.

वेळेचा हिशेब वेगळा आहे. स्पेनमध्ये दुपारचं जेवण दोन-तीनच्या सुमारास होतं, आणि जेवेपर्यंत ‘ब्वेनोस दीआस’ चालतं. त्यानंतर अंधार पडेपर्यंत ‘ब्वेनास तार्देस’. ‘ब्वेनास नोचेस’ निरोपापुरतं नाही. रात्री नऊला कुणाकडे पोचलात तरी दारात हेच म्हणायचं. अर्जेंटिनात सकाळी एकवचनी ‘ब्वेन दीआ’ रूढ आहे. दुकानात शिरताना नुसतं ‘ब्वेनास!’ म्हटलं तरी कोणत्याही वेळी चालतं, पण ते अनौपचारिक आहे. आणि ‘नोचेब्वेना’ असा जोडशब्द दिसला तर तो 24 डिसेंबरची रात्र, म्हणजे नाताळची पूर्वसंध्या.

शुभेच्छा एकवचनात: प्रवासाला निघणाऱ्याला ‘ब्वेन ब्याखे’, जेवणाऱ्याला ‘ब्वेन प्रोबेचो’, परीक्षेला जाणाऱ्याला ‘ब्वेना स्वेर्ते’. सान्तियागो दे कोम्पोस्तेलाच्या पायी यात्रेत अनोळखी यात्रेकरू एकमेकांना ‘ब्वेन कामिनो’ म्हणतात. ‘कामिनो’ म्हणजे वाट.

एकटा ‘ब्वेनो’

वाक्याच्या तोंडाशी, स्वल्पविरामाआधी एकटा उभा असलेला ‘ब्वेनो’ विशेषण राहिलेला नसतो, म्हणून तो लिंगवचनानं बदलत नाही. त्याच्या जागी ‘बरं’ ठेवून पाहा. ‘ब्वेनो, बामोस’ म्हणजे ‘बरं, निघूया’. नाइलाजानं होकार देताना लांबवलेला ‘ब्वेनो...’ म्हणजे ‘बरं बाबा’. रडणाऱ्या मुलाला शांत करताना ‘ब्वेनो, ब्वेनो’ म्हणजे ‘बरं बरं, पुरे’. संभाषण आवरतं घेताना ‘ब्वेनो, प्वेस नादा’ म्हणजे ‘बरं तर मग’.

दोन उपयोग ‘बरं’मध्ये बसत नाहीत. आपलंच बोलणं दुरुस्त करताना येणारा ‘ब्वेनो’ आपल्या ‘म्हणजे’सारखा आहे: ‘तो डॉक्टर आहे, म्हणजे, होणार आहे’. आणि ‘पेरो ब्वेनो!’ हा आश्चर्य किंवा संताप दाखवणारा उद्गार: ‘अरे, हे काय चाललंय!’ फोनवरचा ‘ब्वेनो?’ मेक्सिकोपुरता ठेवा. स्पेनमध्ये ‘दीगा’ किंवा ‘सी’, कोलंबियात ‘आलो’ आणि अर्जेंटिनात ‘ओला’ ऐकू येईल.

‘लो’ हे उपपद लागलं की ‘लो ब्वेनो’ म्हणजे ‘जे चांगलं ते’. ‘लो ब्वेनो एस के...’ अशी सुरुवात म्हणजे आपलं ‘त्यातल्या त्यात बरं हे की...’.

ठेवणीतले वाक्प्रचार

काही वाक्प्रचार तसेच्या तसे उचलावेत. ‘पोर लास ब्वेनास’ म्हणजे गोडीगुलाबीनं. ‘दे ब्वेना गाना’ म्हणजे मनापासून, खुशीनं. ‘एस्तार दे ब्वेनास’ म्हणजे खुशीत असणं. ‘दे ब्वेनास आ प्रिमेरास’ म्हणजे एकाएकी. ‘आ ला ब्वेना दे दियोस’ म्हणजे अगदी आपलं रामभरोसे. ‘आ ब्वेन एन्तेन्देदोर, पोकास पालाब्रास बास्तान’ ही म्हण आपण ‘शहाण्याला शब्दाचा मार’ अशी ओळखतो. स्पॅनिश कार्यालयाशी कागदपत्रांचा संबंध आला तर ‘बिस्तो ब्वेनो’ लक्षात ठेवा: ‘पाहिलं, योग्य आहे’ अशी वरिष्ठांची मंजुरी. कागदावर ती आद्याक्षरांनीच उमटते.

सराव कसा करावा

वहीचं एक पान घ्या आणि चार रकाने आखा: नामाआधी, नामानंतर, क्रियापदानंतर, एकटा. पुढचे काही दिवस वाचताना-ऐकताना भेटणारा प्रत्येक ‘ब्वेनो’ पूर्ण वाक्यासह त्याच्या रकान्यात टिपा. समोर अर्थ लिहिताना ‘चांगला’ हा शब्द शक्यतो टाळा. बरा, भला, छान झालेला, बराच, बरं यांतला नेमका शोधा. स्पेनच्या उच्चारासाठी ‘मनी हाइस्ट’ नावानं आपल्याकडे पाहिली गेलेली ‘ला कासा दे पापेल’ ही मालिका आणि मेक्सिकोच्या बोलीसाठी ‘रोमा’ हा 2018 चा चित्रपट मूळ आवाजात ऐका. शंका आली तर 1713 मध्ये स्थापन झालेल्या रेआल अकादेमिया एस्पान्योलाचा शब्दकोश इंटरनेटवर विनामूल्य पाहता येतो.

आता ही सहा वाक्यं आधी स्वतः स्पॅनिशमध्ये करा, मग पुढची उत्तरं पाहा.

1. मासे मस्त झालेत.
2. आजी आता बरी आहे.
3. चांगला शिक्षक मिळणं कठीण.
4. ही वही त्या वहीपेक्षा चांगली आहे.
5. तुझी बहीण छान गाते.
6. बरं, उद्या भेटू.

उत्तरं: (1) ‘एल पेस्कादो एस्ता मुय ब्वेनो’, ‘झालेत’ म्हणून ‘एस्ता’. (2) ‘ला आब्वेला या एस्ता ब्येन’. तब्येत म्हणून ‘ब्येन’. (3) ‘एस दिफीसिल एन्कोन्त्रार उन ब्वेन प्रोफेसोर’. पुल्लिंगी नामाआधी, म्हणून ‘ओ’ गळाला. (4) ‘एस्ते क्वादेर्नो एस मेखोर के एसे’. तुलना म्हणून ‘मेखोर’. (5) ‘तु एर्माना कान्ता ब्येन’. ‘कसं गाते’चं उत्तर. (6) ‘ब्वेनो, नोस बेमोस मान्याना’. एकटा, म्हणून न बदलणारा.

सहाही जमली असतील तर हेच रकाने घेऊन ‘पोब्रे’, ‘बियेखो’ आणि ‘ग्रान्दे’कडे वळा. ‘उन ओम्ब्रे पोब्रे’ हा गरीब माणूस, ‘उन पोब्रे ओम्ब्रे’ हा बिचारा. ‘उन आमिगो बियेखो’ हा म्हातारा मित्र, ‘उन बियेखो आमिगो’ हा जुना मित्र. ‘ग्रान्दे’चं कोडं तुम्ही सोडवा: ‘उन ग्रान ओम्ब्रे’ आणि ‘उन ओम्ब्रे ग्रान्दे’ यांतला थोर कोण आणि धिप्पाड कोण? जागा पाहूनच उत्तर द्या, मग शब्दकोशात पडताळा.